बायपोलर डिप्रेशन आणि शरीरातली सूज: रिसर्च कसा शोधायचा, कसा वाचायचा आणि डॉक्टरांसमोर कसा ठेवायचा

माझ्या दादाला बायपोलर आहे, म्हणजे कधी मन फार चढतं, त्याला मॅनिया म्हणतात, आणि कधी फार पडतं, ते डिप्रेशन, निदान होऊन अकरा वर्षं झाली. मॅनिया गोळ्यांनी आवरतो, पण डिप्रेशन आलं की महिना-महिना हलत नाही, आणि त्याच काळात त्याचे सांधे दुखतात, हिरड्या सुजतात, अंगात कणकण असल्यासारखी वाटते. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की डिप्रेशन म्हणजे मेंदूची सूज, सूज उतरवायची गोळी घेतली की बरं होतंय. मी त्या रात्री दीडपर्यंत वाचत बसले आणि सकाळी वैनीला म्हणाले, अगं ह्यावर उपाय आहे. तसं नव्हतं. पण ती गोष्ट सगळी खोटी पण नव्हती, आणि तिथनं मी शिकत गेले की ह्या विषयावरचे पेपर वाचायचे कसे. मी डॉक्टर नाही, टिळकवाडीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते, त्यामुळं आकड्यांची भीती नव्हती एवढंच. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी शब्दापासनं सुरुवात करू, कारण अर्धा गोंधळ शब्दानंच होतो. इन्फ्लेमेशनला पुस्तकी मराठीत दाह किंवा शोथ म्हणतात आणि बोलताना आपण नुसतं सूज म्हणतो. सूज म्हटलं की डोळ्यासमोर येतो मुरगळलेला पाय, मग मेंदू सुजलाय म्हणजे तो फुगलाय की काय असं घरच्यांना वाटतं. आपल्याकडचा कन्नड शब्द मला जास्त बरा वाटतो, उरियूत, उरी म्हणजे आग आणि ऊत म्हणजे सूज, दोन्ही एकाच शब्दात. इथं ज्या इन्फ्लेमेशनची गोष्ट चाललीय ते डोळ्याला दिसत नाही. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देतात त्या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात, त्यातली इंटरल्यूकिन सिक्स आणि टीएनएफ अल्फा ही दोन नावं तुम्हाला प्रत्येक पेपरात भेटतील. इंटरल्यूकिन सिक्सचा निरोप पोचला की लिव्हर सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं, आणि ते रक्तात मोजता येतं म्हणून सगळा रिसर्च सीआरपीभोवती फिरतो.

ह्याचा डिप्रेशनशी संबंध काय, तर ताप आलेला माणूस आठवा. जेवण नको, बोलणं नको, नुसतं पडून राहावं वाटतं, कशात मन लागत नाही. हे तापामुळं नाही, त्या निरोप्यांमुळं मेंदू तसं वागायला लावतो. आणि माणसांमधला सगळ्यात पक्का पुरावा कुठला, तर हिपॅटायटिस सीच्या पेशंटना पूर्वी इंटरफेरॉन अल्फाची इंजेक्शनं देत होते, ते स्वतःच एक सायटोकाइन आहे, आणि आधी ठणठणीत मन असलेल्या बऱ्याच जणांना त्यावर खरंखुरं डिप्रेशन आलं. म्हणजे शरीरातली आग मनापर्यंत पोचू शकते हे सिद्ध आहे. पण आग पोचू शकते हे वेगळं आणि तुमच्या घरच्या माणसाचं डिप्रेशन त्या आगीनंच आलंय हे वेगळं. ही दोन वाक्यं वेगवेगळी ठेवता आली की निम्मा अभ्यास झाला म्हणून समजा.

आता नेटवर शोधायच्या आधी एक काम करायचं, आणि हे टाळू नका: घरच्या माणसाची फाईल लावायची. आपल्या सीमाभागात हे फार अवघड असतंय कारण माणूस कधी बेळगावात दाखवतो, कधी धारवाडला, कधी मिरजेला, कधी पाहुण्यांकडं गेला तर कोल्हापूरला, आणि प्रत्येक ठिकाणची चिठ्ठी वेगळ्या पिशवीत. दादाचा एक डिस्चार्जचा कागद कन्नडमध्ये होता, मला कन्नड बोलता येतं पण हाताचं लिहिलेलं वाचता येत नाही, शेजारच्या मुलीनं वाचून दाखवला तेव्हा कळलं की त्या वेळी त्याची शुगर वाढलेली होती, आणि ते आम्हाला चार वर्षं माहितीच नव्हतं. कागद हरवला असेल तर दवाखान्यातनं मागा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला स्वतःचे वैद्यकीय कागद मिळायचा हक्क दिलाय. मग एका वहीत आडव्या रेघेवर वर्षं मांडा, वर मॅनिया, खाली डिप्रेशन, आणि त्याच रेघेवर शरीराच्या गोष्टी, कधी टायफॉईड झाला, कधी दात काढला, वजन कधी वाढलं, कुठली गोळी कधी चालू झाली. दादाच्या वहीत एक गोष्ट लगेच दिसली, वजन अठरा किलो वाढलं ते सगळं एका गोळीनंतरच्या दोन वर्षांत. ही वही का पाहिजे ते पुढं कळेल.

शोधायला पबमेड ही साइट धरा, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची आहे, फुकट आहे. शोध इंग्लिशमध्येच टाकावा लागतो. नुसतं बायपोलर आणि इन्फ्लेमेशन टाकलं तर हजारो पेपर येतात आणि त्यातले बरेच उंदरांवरचे असतात, म्हणून बायपोलर डिप्रेशन हे दोन शब्द एकत्र अवतरणचिन्हात टाका, सोबत औषधाचं नाव टाका, उदाहरणार्थ इन्फ्लिक्सिमॅब, मिनोसायक्लिन, सेलेकॉक्सिब किंवा एन असिटिल सिस्टीन, आणि डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून औषधाची तुलना) आणि मेटा-ॲनालिसिस (बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निकाल) एवढ्याच दोनवर टिक करा. फुकट पूर्ण पेपर पाहिजे असला तर त्याचा पण फिल्टर आहे. पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नसला तर अनपेवॉल नावाचं ब्राउझरमधलं एक्स्टेंशन कायदेशीर फुकट प्रत असली तर दाखवतं, नाहीतर लेखकाला सरळ मेल करायचा, तीन-चार ओळींचा, मी पेशंटची बहीण आहे, पेपर वाचायचाय. मला पाचपैकी तिघांनी पाठवला. घरातलं कुणी सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकत असेल तर 2025 पासनं वन नेशन वन सबस्क्रिप्शन चालू झालंय, त्याच्या लॉगिनवर बरीच जर्नल्स उघडतात. एआयला विचारून पेपरची यादी घेतली असेल तर प्रत्येक पेपरचा पीएमआयडी, म्हणजे पबमेडवरचा त्याचा नंबर, तिथं टाकून बघा, मला एकदा सहातले दोन पेपर असे मिळाले जे अस्तित्वातच नव्हते. आणि पेपरवर मागे घेतल्याची सूचना आहे का ते वरतीच दिसतं, ते आधी बघायचं.

पेपर उघडला की शेवटचा परिच्छेद वाचायचा मोह होतो. तो सोडा. मी एका कागदावर चार रकाने करते: कुणावर, काय दिलं, कशाशी तुलना, काय मोजलं. ह्यातला पहिला रकाना, कुणावर, हाच सगळ्यात महत्त्वाचा, हे मला दोन वर्षांनी कळलं आणि ह्या पूर्ण लेखात मला तेच सांगायचंय. सूज उतरवणारं औषध डिप्रेशनवर चालतं का हा प्रश्नच अर्धवट आहे, कुणाच्या डिप्रेशनवर, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

हे खऱ्या पेपरांवर बघू. 2013 मध्ये रेझन आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लिक्सिमॅब वापरून बघितलं, हे टीएनएफला अडवणारं महागडं इंजेक्शन, मूळ वापर संधिवातात आणि आतड्याच्या आजारात. गोळ्यांना दाद न देणारं डिप्रेशन असलेले 60 जण घेतले, बारा आठवडे बघितलं. एकूण निकाल काय, तर औषध आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन, ह्यात फरक नाही. पेपर इथंच बंद केला असता तर गोष्ट संपली. पण त्यांनी आधी मोजलेल्या सीआरपीप्रमाणे माणसं वेगळी काढून बघितली, तर ज्यांचं सीआरपी 5 मिलिग्रॅम पर लिटरच्या वर होतं त्यांच्यातल्या 62 टक्के लोकांना औषधानं गुण आला आणि प्लासिबोवाल्यांत 33 टक्क्यांना. आणि ज्यांचं सीआरपी कमी होतं त्यांच्यात उलटं, प्लासिबोवालेच जास्त सुधारले. तेच इंजेक्शन, तोच आजार म्हणून नाव दिलेलं, आणि एकाला उपयोग तर दुसऱ्याला तोटा. मी हे वाचून खुर्चीवरनं उठले आणि दादाचा जुना सीआरपी रिपोर्ट शोधायला लागले, त्याची गोष्ट खाली सांगते.

पण थांबा, ती बातमी पण अर्धीच. 60 जणांचे तुकडे केले की एकेका गटात मोजकीच माणसं उरतात, आणि नंतर गट पाडून मिळालेलं उत्तर हा इशारा असतो, निकाल नसतो. इशारा खरा आहे का बघायला नवा अभ्यास करावा लागतो, ज्यात आधीपासनंच सूज असलेलीच माणसं घेतली जातात. तो झाला, 2019 मध्ये, मॅकइंटायर आणि सहकाऱ्यांचा, आणि तो खास बायपोलर डिप्रेशनवरच होता. परत 60 जण, परत इन्फ्लिक्सिमॅब, परत बारा आठवडे. निकाल: फरक नाही. मला अक्षरशः रडू आलं होतं. मग दोन दिवसांनी पहिला रकाना नीट भरला, कुणावर, तर सूज असलेली माणसं म्हणजे फक्त सीआरपी जास्त असलेली नव्हती, लठ्ठपणासोबत बीपी किंवा चरबी वाढलेली असेल, रोज सिगरेट ओढत असेल, डायबिटीस असेल, मायग्रेन असेल, अशी पण घेतली होती. म्हणजे सूज कशाला म्हणायचं ह्याची व्याख्याच दोन अभ्यासांत वेगळी. शिवाय त्यात दुसऱ्या पायरीवर एक गोष्ट दिसली, लहानपणी मारहाण सोसलेल्यांना औषधानं जास्त फरक पडला. हा पण परत इशाराच, निकाल नाही, पण त्यानं मला विचार करायला लावलं की माणसाच्या शरीरात काय-काय साठून राहतं.

तिसरा पेपर मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण तो पाकिस्तानात झाला, हुसेन आणि सहकाऱ्यांचा, 2020 चा, लॅन्सेट सायकियाट्री ह्या जर्नलमध्ये आला. आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखेच गर्दीचे दवाखाने. 266 जण, म्हणजे ह्या विषयात मोठा अभ्यास, चालू असलेल्या गोळ्यांसोबत कुणाला मिनोसायक्लिन, कुणाला सेलेकॉक्सिब, कुणाला दोन्ही, कुणाला प्लासिबो, बारा आठवडे. दोन्हीपैकी एकही प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. इथं पण रकाना बघा, ह्यात आधी सीआरपी बघून माणसं निवडलेली नव्हती. तरी एक गोष्ट ठाम झाली, सरसकट सगळ्यांना सूज उतरवायची गोळी देऊन बायपोलर डिप्रेशन जात नाही. ह्याच्या उलट 2016 मधलं रोझेनब्लॅट आणि सहकाऱ्यांचं मेटा-ॲनालिसिस तुम्हाला सापडेल, आठ अभ्यास आणि मिळून 312 माणसं, त्यात परिणामाचा आकडा 0.40 आला होता. तो आकडा वाचायचा कसा, तर ढोबळ मानानं 0.2 छोटा, 0.5 मध्यम, 0.8 मोठा. म्हणजे छोट्याहून जास्त, मध्यमाहून थोडा कमी. पण आठ अभ्यासांत ओमेगा थ्री, एन असिटिल सिस्टीन, सेलेकॉक्सिब, पायोग्लिटाझोन अशी एकमेकांशी फार नातं नसलेली औषधं एकाच टोपलीत घातली होती. बटाटे, कांदे, आंबे एकत्र वजन करून सरासरी भाव काढल्यासारखं ते होतंय. आणि तारीख बघा, हे 2016 चं, मोठे नकारात्मक अभ्यास त्यानंतर आले. मेटा-ॲनालिसिस नेहमी वर्ष बघून वाचायचं.

एन असिटिल सिस्टीनचं पण असंच. 2008 मध्ये बर्क आणि सहकाऱ्यांचा 75 जणांचा, 24 आठवड्यांचा अभ्यास आला, डिप्रेशन चांगलं उतरलं. 2019 मध्ये त्याच गटानं 181 जणांवर परत केला, सोळा आठवड्यांनी प्लासिबोपेक्षा फरक नाही. त्याच लोकांनी आपलंच आधीचं उत्तर टिकलं नाही हे छापलं, मला त्यांचा आदर वाटतो. पहिला छोटा अभ्यास भारी आणि दुसरा मोठा साधा, हे इतक्या वेळा होतंय की आता मी पहिल्या पेपरवर कुणाला फोन करत नाही.

चौथा रकाना, काय मोजलं, पटकन सांगते. डिप्रेशन बहुतेक वेळा माड्रस नावाच्या प्रश्नावलीनं मोजतात, दहा प्रश्न, 0 ते 60 गुण, जास्त म्हणजे जास्त त्रास. गुण निम्म्यानं उतरले तर रिस्पॉन्स म्हणतात, पण 40 चे 20 झाले म्हणजे माणूस बरा झाला असं नाही, 20 वर पण तो कामाला जाऊ शकत नाही. रेमिशनचा, म्हणजे त्रास जवळजवळ गेलेल्यांचा, आकडा वेगळा दिलेला असतो, तो शोधा. आणि बायपोलरमध्ये मॅनिया वाढला का हे वेगळं मोजलंय का ते बघाच.

आता अशी एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली असती तर मी त्या व्हॉट्सॲपच्या मेसेजवर रात्र घालवली नसती. सूज उतरवणारं सगळ्यात जबरदस्त औषध कुठलं, तर स्टेरॉईड. सूज उतरवली की मन बरं होतं हे एवढं सरळ असतं तर प्रेडनिसोलोननं बायपोलर बरा व्हायला पाहिजे होता. होतं उलटंच, स्टेरॉईडनं मॅनिया चढू शकतो, भ्रम होऊ शकतात, झोप उडते. बायपोलर असलेल्या माणसाला कुठलाही डॉक्टर स्टेरॉईड देत असेल तर आजार आधी सांगायचा, आणि गावाकडं अंगदुखीवर, सांधेदुखीवर जी नाव न सांगता इंजेक्शनं मारतात ती घ्यायचीच नाहीत, त्यात स्टेरॉईड असू शकतं.

आणि आता लिथियम. हा भाग घाईत असाल तरी वाचा. 1949 मध्ये जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानं मॅनियावर लिथियमचा उपयोग दाखवला, आज पण ते बायपोलरमधलं सगळ्यात भरवशाचं औषध धरतात, पण उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी फार जवळ-जवळ असते. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 पर्यंत ठेवतात आणि 1.5 च्या वर धोका सुरू होतो. सूज आणि दुखणं कमी करायच्या नेहमीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, ह्या किडनीतनं लिथियम बाहेर पडणं कमी करतात, मग तीच रोजची गोळी घेत असताना रक्तातली पातळी वर चढते. सेलेकॉक्सिबनं पण हे होऊ शकतं, म्हणजे ज्या रिसर्चबद्दल आपण एवढं बोलतोय त्यातलंच औषध.

दादा लिथियम घेतो, आणि आमच्या घरी हे झालं. मागच्या पावसाळ्याच्या आधी दादाची कंबर धरली, त्यानं घराजवळच्या मेडिकलमधनं डायक्लोफेनॅक आणून सहा दिवस घेतलं, कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. सातव्या दिवशी सकाळी वैनीनं चहा दिला तर बशीत कप वाजायला लागला, टकटक टकटक, आधी आम्हाला वाटलं थंडी वाजतेय. मग तो बाथरूमकडं जाताना भिंतीला धरून गेला, उलटी झाली, आणि बोलताना जीभ जड. वैनी म्हणाली, "हे दारू प्यायल्यावानी का बोलायलेत?" तो पीत नाही. दवाखान्यात लिथियम 1.8 निघालं. तीन दिवस सलाईन, किडनी वाचली, माणूस वाचला. हाताचा खूप थरकाप, उलटी-जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं, गुंगी, ह्यातलं काहीही लिथियमवाल्या माणसाला दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी दवाखाना गाठा. दुखण्यावर काय चालेल हे आधीच डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, आम्हाला पॅरासिटामॉल लिहून दिलंय आणि ती चिठ्ठी लॅमिनेट करून दादाच्या पाकिटात आहे. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवायच्या गोळ्या पण लिथियम चढवतात, म्हणून फिजिशियनला आणि सायकियाट्रिस्टला एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवायच्या.

म्हणून घरी प्रयोग नको. ॲस्पिरिन नको, मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिक आहे, ती तर मुळीच नको. हळदीचं दूध प्या की, त्यात काही बिघडत नाही, पण हळदीतलं करक्यूमिन पोटातनं रक्तात फार थोडं जातं, आणि ते जास्त जावं म्हणून बनवलेल्या कॅप्सूलनं काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. जेवणातली हळद वेगळी आणि कॅप्सूल वेगळी.

आता सीआरपीची टेस्ट. टेस्ट दोन प्रकारची असते, साधी सीआरपी आणि हाय सेन्सिटिव्हिटी म्हणजे एचएस-सीआरपी. रिसर्चमधल्या बारीक आकड्यांसाठी एचएस-सीआरपी लागते. रिपोर्ट हातात आला की आधी युनिट बघा, आकडा नंतर. काही लॅब मिलिग्रॅम पर लिटर देतात, काही मिलिग्रॅम पर डेसिलिटर, आणि दोन्हीत दहापटीचा फरक आहे. दादाच्या जुन्या रिपोर्टमध्ये 1.4 होतं, मी म्हटलं बरं आहे की, कमी आहे. ते डेसिलिटरमध्ये होतं. म्हणजे पेपरच्या भाषेत 14. मग मी दुसऱ्या टोकाला गेले, चौदा म्हणजे तो नक्की त्या 62 टक्क्यांतला, आता इंजेक्शन कुठं मिळेल. इथं वही कामाला आली. त्या तारखेच्या आसपास बघितलं तर दाढेला गळू झालेलं होतं. हृदयाच्या धोक्यासाठी जी मोजपट्टी वापरतात त्यात 1 च्या खाली कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त, आणि 10 च्या वर गेलं तर आधी कुठं इन्फेक्शन आहे का ते बघायचं आणि बरं झाल्यावर दोन-एक आठवड्यांनी परत टेस्ट करायची. दाढ काढली, हिरड्या साफ करून घेतल्या, महिन्यानं परत केली तर 4.2.

मग हे चार कशामुळं? सीआरपी सांगतं की कुठंतरी आग आहे, कुठं आहे ते सांगत नाही. पोटाभोवतीची चरबी सीआरपी वाढवते, विडी-सिगरेट वाढवते, झोप बिघडली की, शुगर वाढली की, हिरड्या खराब असल्या की वाढतं. आणि बायपोलरमध्ये 2016 च्या एका मोठ्या मेटा-ॲनालिसिसमध्ये तर सीआरपी मॅनियात सगळ्यात जास्त दिसलं, म्हणजे ते डिप्रेशनचीच खूण आहे असं पण नाही. शिवाय बायपोलरवरच्या ओलॅन्झापिन, क्वेटियापिनसारख्या गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढते, त्यातनं सीआरपी वाढतं, म्हणजे आजारानं सूज की औषधानं सूज, हे एका आकड्यावरनं कळत नाही. ते वहीतल्या आडव्या रेघेवरनं थोडं-थोडं कळतं. निपाणीकडं, चिकोडीकडं ज्यांच्या घरी विडी-तंबाखू जुनी सवय आहे त्यांना अजून एक सांगते, सिगरेट-विडी सोडणं चांगलंच, पण ओलॅन्झापिन किंवा क्लोझापिन चालू असेल तर ओढणं बंद केल्यावर गोळीची रक्तातली पातळी वाढते, म्हणून सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं.

डॉक्टरांकडं जाताना पंधरा पेपरची प्रिंट घेऊन जाऊ नका. मी पहिल्यांदा नेली होती, बाहेर चाळीस पेशंट बसलेले, त्यांनी गठ्ठ्याकडं बघितलं आणि मला पण लाज वाटली. आता एक पान नेते. वर पाच ओळीत वही: शेवटचं डिप्रेशन किती दिवस, वजन, शुगर, दोन सीआरपी तारखेसकट आणि युनिटसकट, चालू गोळ्या, लिथियमची शेवटची पातळी, आणि ते रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी दिलेलं की नाही. खाली तीन प्रश्न. मागच्या वेळी हे होते: दादाच्या शरीरात सूज वाढवणारं असं काय आहे जे आपण आत्ता कमी करू शकतो? वजन वाढवणारी गोळी बदलता येईल का, आणि बदलली तर मॅनियाचा धोका किती? आणि सूजेवरचं औषध जोडण्याइतका पुरावा त्याच्यासारख्या पेशंटसाठी आहे का? असे प्रश्न विचारले की डॉक्टर पण खुर्ची पुढं ओढून बोलतात. आमचे डॉक्टर कन्नडवाले, मराठी तोडकं-मोडकं बोलतात, पण त्या दिवशी वीस मिनिटं बोलले. म्हणाले, "अक्का, तिसऱ्याला आज माझं उत्तर नाही असं आहे. पहिल्या दोनवर काम करू या."

भारतात ह्या विषयावर ट्रायल चालू आहे का बघायचं असेल तर सीटीआरआय ही सरकारी नोंदणी आहे, 2007 पासनं, तिथं बायपोलर टाकून शोधता येतं, कुठल्या दवाखान्यात, कुणाला घेतात, कुणाला नाही हे सगळं लिहिलेलं असतं. कुणी ट्रायल म्हणून पैसे मागत असेल, नोंदणी नंबर सांगत नसेल, किंवा संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत देत नसेल तर सही करू नका. मराठीत पाहिजे म्हणून मागायला संकोच करू नका.

आणि वाचनाला एक मर्यादा घाला. दादा जेव्हा खोल डिप्रेशनमध्ये असतो तेव्हा मी पेपर बंद करते, कारण त्या वेळी त्याला माझं सीआरपी नको असतं, शेजारी बसणारं कुणीतरी पाहिजे असतं. मरायच्या गोष्टी बोलायला लागला, झोप दोन-तीन तासांवर आली, किंवा अचानक फार बोलायला आणि खर्च करायला लागला तर तो रिसर्चचा विषय नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रात्रीबेरात्री टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, चोवीस तास चालू असतं, फुकट आहे, कन्नड आणि मराठी दोन्हीत बोलता येतं.

मागच्या डिसेंबरपासनं आम्ही त्या दोन प्रश्नांवरच काम करायलोय. गोळी बदलली, सावकाश, सहा आठवड्यांत, डॉक्टरांच्या नजरेखाली. हिरड्यांची सफाई दर सहा महिन्यांनी. दादा आणि मी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालायला जातो, डिप्रेशनच्या दिवसांत गेटपर्यंत जाऊन परत येतो, ते पण चालतं. वजन सात किलो उतरलं, एचएस-सीआरपी मार्चमध्ये 2.6 आलं. डिप्रेशन त्यानंतर एकदा आलं, पाच आठवडे राहिलं, आधी नऊ-दहा राहायचं. हे सूज कमी झाल्यामुळं की गोळी बदलल्यामुळं की झोप सुधारल्यामुळं, एका माणसावरनं सांगता येत नाही आणि मी सांगणार पण नाही. दादानं रिपोर्ट बघून विचारलं, "मग माझं सूजेचं होतं का नव्हतं गं?" मी त्याला तो चार रकान्यांचा कागद दिला आणि पहिल्या रकान्यात त्याचंच नाव लिहिलं, एकच माणूस, प्लासिबो नाही. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, ठेव फाईलला. पुढची तारीख महिनाअखेरची आहे. झोपेचा तक्ता आता तोच भरतो, स्वतःच्या अक्षरात, आणि लिथियमच्या रिपोर्टसाठी मागचं एक प्लास्टिक मोकळं ठेवलंय.